पेट्रोलचा गिअरबॉक्स, डिझेलचे इंजिन

अमेरिकेतील पिकअप ट्रकमध्ये एकाच नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स पेट्रोल इंजिनामागेही बसवलेला आढळतो आणि डिझेल इंजिनामागेही. जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४००, फोर्डचा सी-६ आणि क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ हे तिन्ही १९६०च्या दशकात पेट्रोल इंजिनांसाठी घडवले गेले आणि पुढे डिझेलला जोडले गेले. नाव एक, गिअरची प्रमाणे एक, बाहेरून रूपही जवळपास एक. त्यामुळे एका ट्रकचा गिअरबॉक्स काढून दुसऱ्यात घालता येईल का, हा प्रश्न तिथल्या गॅरेजमध्ये आणि भंगार यार्डांत सतत विचारला जातो.

प्रश्न पडण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे, डिझेल इंजिन दीर्घकाळ टिकते, पण त्याच्यामागचा गिअरबॉक्स आधी मान टाकतो. आणि यार्डात पेट्रोल ट्रकचे गिअरबॉक्स मुबलक, डिझेलचे कमी आणि महाग. दुसरे कारण याच्या उलट दिशेचे. जुन्या पेट्रोल ट्रकमध्ये डिझेल इंजिन उतरवणारा हौशी मालक आपला चालू गिअरबॉक्स वाचवू पाहतो.

याचे उत्तर तीन जुळण्यांवर अवलंबून असते. पहिली धातूची: बोल्ट, चकत्या, शाफ्ट एकमेकांत बसतात का. दुसरी फेऱ्यांची: इंजिन ज्या गतीला काम करते, त्याच गतीला गिअरबॉक्स गिअर बदलतो का. तिसरी भाराची: इंजिनावर किती जोर पडतो आहे, याची खबर गिअरबॉक्सला मिळते का. पहिली डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे लक्ष तिथे जाते. गिअरबॉक्स जळतो तो बहुधा उरलेल्या दोघींमुळे. बोल्ट जुळले म्हणजे पत्रिका जुळली असे नव्हे.

दोन इंजिनांचे दोन स्वभाव

१९९०च्या सुमाराचे शेवरोलेचे ५.७ लिटरचे पेट्रोल व्ही-८ इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर २१० अश्वशक्ती आणि २,८०० फेऱ्यांवर सुमारे ४०७ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. त्याच ट्रकमध्ये मिळणारे ६.२ लिटरचे डिझेल १९८२ साली बाजारात आले. त्याची हलक्या ट्रकमधील आवृत्ती ३,६०० फेऱ्यांवर १३० अश्वशक्ती आणि २,००० फेऱ्यांवर सुमारे ३२५ न्यूटन-मीटर देई. डॉजने १९८९ साली पिकअपमध्ये आणलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल १६० अश्वशक्तीचेच होते; पण त्याचा टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर, तोही २,००० फेऱ्यांच्या आत.

या आकड्यांमधून एक रूढ समज निकाली निघतो. डिझेलचा गिअरबॉक्स नेहमी अधिक दणकट असावा लागतो, हे कमिन्सबाबत खरे. टर्बो नसलेल्या ६.२ लिटर डिझेलचा टॉर्क मात्र शेजारच्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच होता. दोन्ही डिझेलांत समान आहे ती कमाल फेऱ्यांची मर्यादा. पेट्रोल इंजिन ४,५०० फेऱ्यांच्या पुढे सहज जाते. ६.२ चा इंधनपंप ३,६०० च्या आसपास इंधन तोडू लागतो, तर कमिन्सचा अडीच हजारांच्या थोडे पुढे. गिअरबॉक्सला या मर्यादेचा पत्ता नसेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरा भेद हवेच्या वाटेतला. पेट्रोल इंजिन थ्रॉटलच्या झडपेने हवा अडवते. त्यामुळे झडपेमागच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि भार वाढला, झडप उघडली की तो घटतो. या काळातल्या ट्रकच्या डिझेलांना अशी झडप नाही. ती हवा पूर्ण घेतात आणि फक्त इंधन कमीजास्त करतात. त्यांच्या मॅनिफोल्डमध्ये वापरण्याजोगा व्हॅक्यूम नसतोच. तिसरा भेद धक्क्यांचा. दाबाचे गुणोत्तर पेट्रोलमध्ये आठ-नऊच्या घरात, कमिन्समध्ये सतरा आणि ६.२ मध्ये एकवीसच्या वर; त्यामुळे प्रत्येक स्फोटाचा हिसका मोठा असतो आणि तो क्रँकशाफ्टमधून थेट मागे पोचतो.

धातूची जुळणी

इंजिनाच्या पाठीला गिअरबॉक्सचे तोंड, म्हणजे बेल हाउसिंग, ठरावीक छिद्रांच्या मांडणीवर बसते. या बाबतीत तीन कंपन्यांच्या तीन तऱ्हा आहेत.

जनरल मोटर्समध्ये काम सर्वांत सोपे. ६.२ आणि त्यानंतरच्या ६.५ लिटर डिझेलची पाठ शेवरोलेच्या पेट्रोल व्ही-८ सारखीच आखलेली आहे. टर्बो हायड्रामॅटिक ४००, चार गिअरचा ७००-आर-४ आणि १९९१ पासूनचा ४एल८०-ई यांची शेवरोले मांडणीची केस या डिझेलांना विनातक्रार बोल्ट होते. मात्र १९७८ ते १९८१ या काळातील काही शेवरोले पिकअपमध्ये ओल्ड्समोबिलचे ५.७ लिटरचे डिझेल आहे. त्याची मांडणी ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि पाँटिअ‍ॅक यांच्या घराण्यातली. तिथे शेवरोलेचा गिअरबॉक्स थेट बसत नाही.

फोर्डमध्ये बेल हाउसिंग हा केसचाच ओतीव भाग आहे; तो सुटा करून बदलता येत नाही. सी-६ च्या केस अनेक तऱ्हांच्या आहेत: लहान व्ही-८ साठी वेगळी, ७.५ लिटरच्या ४६० इंजिनासाठी वेगळी आणि १९८३ पासून आलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ६.९ व नंतरच्या ७.३ लिटर डिझेलसाठी वेगळी. १९८९ साली आलेल्या ई४ओडी या चार गिअरच्या गिअरबॉक्सचीही हीच कथा. म्हणून पेट्रोल ट्रकचा अख्खा ई४ओडी ७.३ डिझेलला लावता येत नाही. केस डिझेलची ठेवायची आणि आतले गिअरसंच, ड्रम वगैरे चांगले भाग पेट्रोलच्या गिअरबॉक्समधून घ्यायचे, असा मार्ग कारागीर काढतात.

डॉजमध्येही केस आणि बेल हाउसिंग अखंड असतात. व्ही-८ ची केस वेगळी, कमिन्सची वेगळी. शिवाय कमिन्स आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक अ‍ॅडॉप्टर प्लेट कारखान्यातूनच बसवून येते. ४७आरई हे नाव व्ही-१० पेट्रोलच्या मागेही सापडते आणि कमिन्सच्या मागेही. नाव पाहून खरेदी करणारा इथेच फसतो.

बोल्ट जुळत नसतील तिथे बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅडॉप्टर प्लेटांचा आधार घेतला जातो. प्लेट केवळ छिद्रे जुळवून भागत नाही. गिअरबॉक्सचा मध्य आणि क्रँकशाफ्टचा मध्य एका रेषेत राहायला हवा, आणि ही रेषा राखतात त्या डॉवेल पिना. मिलिमीटरच्या काही दशांश भागांचा फरक राहिला, तरी पुढच्या पंपाचे बुश आणि सील खराब होते. प्लेटच्या जाडीने गिअरबॉक्स मागे सरकतो, म्हणून कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यातले अंतरही नव्याने साधावे लागते.

फ्लेक्सप्लेट ही पातळ पोलादी चकती इंजिनाची, गिअरबॉक्सची नव्हे. तिच्या कडेला स्टार्टरचे दाते असतात, आणि शेवरोलेच्या ४५४ सारख्या काही इंजिनांत तर इंजिनाचा तोल साधणारे वजनही तिच्यावरच असते. ती इंजिनाप्रमाणेच निवडावी. फक्त तिची कन्व्हर्टरसाठीची छिद्रे, त्यांची संख्या आणि वर्तुळ कन्व्हर्टरशी जुळले पाहिजे.

टॉर्क कन्व्हर्टर

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडची पाती तेल भिरकावतात, गिअरकडची पाती त्या तेलाने फिरतात. ब्रेक दाबून, गिअर टाकून पूर्ण रेस दिली असता इंजिन ज्या फेऱ्यांवर अडकते त्या गतीला स्टॉल म्हणतात. ही गती कन्व्हर्टरवर एकटी ठरत नाही. कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची क्षमता फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यास दहा टक्के वाढला की क्षमता सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. आणि कन्व्हर्टर तोच ठेवून इंजिन बदलले, तर स्टॉल इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हलतो.

आकड्यांत पाहू. एखादा कन्व्हर्टर पेट्रोल इंजिनाच्या ३७० न्यूटन-मीटर टॉर्कवर १,८०० फेऱ्यांना अडकत असेल, तर तोच ५४० न्यूटन-मीटर देणाऱ्या कमिन्समागे सुमारे २,१७० फेऱ्यांपर्यंत जाईल. पेट्रोल इंजिनाला एवढा फरक फारसा जाणवणार नाही. कमिन्सची मर्यादा मात्र अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे ट्रक नीट हलण्याआधीच इंजिनाची बहुतेक धाव संपलेली. बाकीची शक्ती तेल घुसळण्यात जाते, तेल तापते, आणि मागे वजनदार ट्रेलर असेल तर चढावर ते लवकरच धोक्याच्या तापमानाला पोचते. म्हणून डिझेलचा कन्व्हर्टर घट्ट, कमी स्टॉलचा बनवतात. अति घट्टही चालत नाही. टर्बोला फिरायला पुरेसा धूर-वायू मिळाला नाही तर ट्रक काळा धूर सोडत रखडतो.

उलट बाजूने डिझेलचा घट्ट कन्व्हर्टर पेट्रोल इंजिनामागे लावला, तर इंजिन आपल्या टॉर्कच्या गतीला पोचतच नाही. ट्रक जागेवरून सुस्त उठतो. मोडत काही नाही, पण चालवणारा वैतागतो. टर्बो नसलेल्या ६.२ ला पेट्रोलचा कन्व्हर्टर लावला असता स्टॉल थोडा खालीच येतो. तिथे अडचण स्टॉलची नसून लॉक-अपची असते.

लॉक-अप म्हणजे रस्त्याच्या गतीला कन्व्हर्टरला यांत्रिक क्लचने जखडणे. जखडल्यावर तेलाची उशी उरत नाही आणि इंजिनाचे हिसके थेट गिअरवर येतात. ते गिळण्यासाठी क्लचमध्ये स्प्रिंगांचा डँपर असतो. पेट्रोलच्या सौम्य हिसक्यांसाठी बेतलेला डँपर डिझेलमागे खडखडतो आणि कालांतराने स्प्रिंगा तुटतात.

कन्व्हर्टर बसवतानाची एक तपासणी कधीही टाळू नये. केस इंजिनाला पूर्ण आवळल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून तीन ते पाच मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. अंतर उरले नाही, तर कन्व्हर्टर पंपात नीट बसलेला नाही. बोल्ट आवळून तो ओढून घेतला की पंप फुटतो.

गव्हर्नर: फेऱ्यांचा हिशेब

जुन्या हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हे दोन दाबांच्या कुस्तीवर ठरते. एक दाब गव्हर्नरचा: मागच्या शाफ्टच्या गतीने वजने बाहेर फेकली जातात आणि गाडीच्या वेगासोबत तेलाचा दाब वाढतो. दुसरा दाब थ्रॉटलचा: पाय जितका दाबलेला, तितका तो मोठा. गव्हर्नरचा दाब जिंकला की पुढचा गिअर पडतो.

पेट्रोलच्या गव्हर्नरची वजने आणि स्प्रिंगा अशा असतात की पूर्ण पाय दाबला असता गिअर चार हजारांच्या पुढे बदलावा. हाच गिअरबॉक्स ६.२ डिझेलमागे ठेवला, तर इंजिन ३,६०० च्या आसपास इंधन तोडते आणि गिअर बदलण्याची गती येतच नाही. ट्रक पहिल्या गिअरमध्ये ओरडत राहतो. चालकाने पाय उचलला, थ्रॉटलचा दाब पडला, की मगच दुसरा गिअर पडतो. कमिन्समागे हीच अवस्था आणखी बिकट. डिझेलचा गव्हर्नर पेट्रोलमागे असेल तर उलटे घडते: गिअर लवकर बदलतात आणि इंजिनाची वरची शक्ती वापरलीच जात नाही.

उपाय अवघड नाही. टर्बो हायड्रामॅटिक ४०० आणि ७००-आर-४ मध्ये गव्हर्नर बाहेरून झाकण काढून हाताला लागतो, म्हणून डिझेलचा गव्हर्नर घालणे हे तासाभराचे काम. सी-६ आणि ७२७ मध्ये तो मागच्या शाफ्टवर, शेपटीच्या हाउसिंगमध्ये असतो. तिथे शेपूट उतरवावी लागते, म्हणून हे काम गिअरबॉक्स खाली असतानाच उरकलेले बरे.

भाराची खबर

टर्बो हायड्रामॅटिक ४०० आणि सी-६ इंजिनावरचा भार व्हॅक्यूमवरून ओळखतात. केसच्या अंगाला मॉड्युलेटर नावाची डबी असते. व्हॅक्यूम भरपूर म्हणजे भार कमी. मॉड्युलेटर तेलाचा मुख्य दाब उतरवतो, गिअर लवकर आणि अलगद बदलतात. व्हॅक्यूम संपला म्हणजे भार पूर्ण. दाब चढतो आणि क्लच प्लेटा घट्ट आवळल्या जातात.

डिझेलला हा व्हॅक्यूम नसल्याने कारखान्याने तो उसना आणला. ६.२ मध्ये, पेट्रोल इंजिनात जिथे डिस्ट्रिब्यूटर बसतो त्या जागी, कॅमशाफ्टवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवला. पण पंपाचा व्हॅक्यूम सदैव एकसारखा. त्यात भाराचा चढउतार नाही. तो चढउतार निर्माण करते इंजेक्शन पंपाच्या लिव्हरवरची नियंत्रक झडप. पाय सोडलेला असताना ती जवळपास पूर्ण व्हॅक्यूम पाठवते. पाय दाबला की घटवते. फोर्डच्या डिझेलमागच्या सी-६ मध्येही हीच योजना.

पेट्रोल ट्रकमध्ये डिझेल उतरवणारे नेमकी ही झडप विसरतात. मॉड्युलेटरची नळी मोकळी सोडली, तर गिअरबॉक्सला भार कायम पूर्ण वाटतो आणि प्रत्येक गिअर उशिरा, दणक्याने पडतो. नळी थेट पंपाला जोडली, तर चढावर पूर्ण जोर लागत असतानाही दाब खालीच राहतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. पहिली चूक कानाला लगेच कळते. दुसरीत गिअर मऊ पडतात, चालक खूश होतो, आणि गिअरबॉक्स आतून संपत जातो.

७००-आर-४ मध्ये व्हॅक्यूमऐवजी थ्रॉटलला जोडलेली केबल भाराची खबर देते. डिझेलला हे सोयीचे, कारण तीच केबल इंजेक्शन पंपाच्या लिव्हरला जोडता येते. मात्र लिव्हरची हालचाल आणि केबलचा प्रवास जुळला पाहिजे. केबल सैल राहिली तर दाब अपुरा पडतो, आणि हा गिअरबॉक्स अशा चुकीला माफी देत नाही. डॉजच्या ७२७ पासून ४७आरई पर्यंतच्या घराण्यातही थ्रॉटलचा दाब रॉड किंवा केबलवरच चालतो. ४७आरई मध्ये गव्हर्नरचा दाब इलेक्ट्रॉनिक झाला, केबल मात्र राहिली.

संगणक आल्यावर

४एल८०-ई म्हणजे टर्बो हायड्रामॅटिक ४०० चेच घराणे, ०.७५ प्रमाणाचा ओव्हरड्राइव्ह आणि सोलेनॉइड यांच्यासह. केबल नाही, मॉड्युलेटर नाही, गव्हर्नर नाही. दाब आणि गिअर दोन्ही संगणक ठरवतो. इथे यांत्रिक भाग बदलण्याऐवजी माहिती बदलावी लागते. संगणकाला थ्रॉटलची स्थिती, इंजिनाच्या फेऱ्या आणि शाफ्टांची गती हवी. पेट्रोलमध्ये फेऱ्यांची खबर इग्निशनकडून मिळते. डिझेलला इग्निशन नाही, म्हणून स्वतंत्र सेन्सर लागतो. यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये थ्रॉटलचा सेन्सर इंजेक्शन पंपाच्या लिव्हरवर बसतो. फोर्डच्या ७.३ डिझेलमागील ई४ओडी मध्ये हाच सेन्सर चुकीच्या कोनात बसवला की गिअरबॉक्स चुकीच्या दाबावर चालू लागतो.

सोलेनॉइडची वीज गेली, तर ४एल८०-ई दुसऱ्या गिअरमध्ये आणि पूर्ण दाबावर येऊन थांबतो. ट्रक घरी नेता यावा म्हणून ही सोय आहे. नवी वायरिंग केलेला ट्रक दुसऱ्याच गिअरमध्ये उठत असेल, तर आधी प्लेटा नव्हे, जोडणी तपासावी. पेट्रोलच्या संगणकातील गिअर बदलण्याचे कोष्टक डिझेलच्या फेऱ्यांसाठी पुन्हा लिहावे लागते, नाहीतर गव्हर्नरची जुनी अडचण नव्या रूपात परत येते. यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारे कंट्रोलर बाजारात मिळतात.

आतली ताकद आणि मागची बाजू

एकाच नावाच्या दोन गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटांची आणि गिअरसंचातील दात्यांच्या चाकांची संख्या वेगळी असू शकते. डिझेल किंवा जड ट्रकच्या आवृत्तीत ती बहुधा जास्त असते. कमिन्समागे जायचे असेल तर गिअरबॉक्स उघडून हे मोजणे हाच खरा पुरावा. तेल थंड करणारा कूलर मोठा घालावा आणि तेल त्या त्या कंपनीच्या प्रकारचेच भरावे. क्लचच्या घर्षणाचा स्वभाव तेलावर ठरतो.

मागच्या टोकाला स्प्लाइन मोजाव्यात. टर्बो हायड्रामॅटिक ४०० आणि ४एल८०-ई चा बाहेरचा शाफ्ट ३२ स्प्लाइनचा, ७००-आर-४ चा २७ चा. डॉजमध्ये २३ आणि २९ अशा दोन तऱ्हा आढळतात. फोर-व्हील ड्राइव्हचा ट्रान्सफर केस त्यानुसार बसतो किंवा बसत नाही. ४एल८०-ई लांबीला मोठा असल्याने चारशेच्या जागी घालताना क्रॉस मेंबर मागे सरकवावा लागतो आणि जॉइंट शाफ्ट आखूड करावा लागतो. डिफरन्शिअलचे प्रमाणही पाहावे. पेट्रोलसाठीच्या ४.१० प्रमाणात कमिन्स घातले, तर महामार्गावर इंजिन आपल्या मर्यादेच्या जवळ धावत राहते.

२००१ नंतर

२००१ सालच्या शेवरोले आणि जीएमसी ट्रकमध्ये ड्यूरामॅक्स ६.६ लिटर डिझेलसोबत अ‍ॅलिसन १००० हा पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. तोच ८.१ लिटर पेट्रोल इंजिनासोबतही मिळत असे. गिअरची प्रमाणे तीच. पण बेल हाउसिंग, कन्व्हर्टर आणि संगणकाचा प्रोग्रॅम वेगळा. आता इंजिन आणि गिअरबॉक्स डेटाच्या तारेवरून सतत बोलतात. गिअर बदलण्याच्या क्षणी गिअरबॉक्स इंजिनाकडे टॉर्क कमी करण्याची मागणी करतो. पेट्रोल इंजिन ठिणगी उशिरा टाकून ती पुरी करते, डिझेल इंधन कमी करून. २०११ पासूनच्या फोर्डच्या सहा गिअरच्या ६आर१४० आणि २०२० पासूनच्या दहा गिअरच्या १०आर१४० या दोन्हींनीही पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांमागे काम केले आहे. त्यांच्यातही अदलाबदल करताना हार्डवेअरपेक्षा सॉफ्टवेअरची अडचण मोठी असते.

कामाचा क्रम

अदलाबदल ठरवताना आधी दोन्ही गिअरबॉक्सचे नेमके मॉडेल, साल आणि केसवरील कोड वाचावेत. मग छिद्रांची मांडणी आणि फ्लेक्सप्लेट, मग इंजिनाच्या टॉर्कप्रमाणे कन्व्हर्टर, मग गव्हर्नर किंवा संगणकाचे कोष्टक, मग भाराची खबर देणारी झडप, केबल किंवा सेन्सर, आणि शेवटी मागचा शाफ्ट, कूलर आणि डिफरन्शिअल. गिअरबॉक्स बसल्यावर रस्त्यावर जाण्याआधी केसवरील छिद्राला दाबमापक लावून पाय सोडलेला आणि दाबलेला असताना मुख्य दाब खालीवर होतो की नाही ते पाहावे. दाब हलत नसेल, तर ट्रक गॅरेजबाहेर काढू नये. पहिल्या फेरीत पूर्ण पाय दाबून गिअर इंजिनाच्या मर्यादेआधी बदलतो का, ते तपासावे. ट्रेलर त्यानंतरच जोडावा.

या कसोटीवर १९८२ ते २००० या काळातील जनरल मोटर्सचे ट्रक सर्वांत सोपे ठरतात: केस तीच, बदलायचे ते कन्व्हर्टर, गव्हर्नर आणि भाराची खबर. फोर्ड आणि डॉजमध्ये डिझेलची केस मिळाल्याशिवाय काम सुरू करण्यात अर्थ नाही. २००१ नंतरच्या ट्रकमध्ये गिअरबॉक्स एकटा न घेता कन्व्हर्टर, वायरिंग आणि संगणक यांच्यासह दाता ट्रकमधून अख्खा संच घेणे स्वस्त पडते.